माझा आवाज आला तरी

१६ नोव्हेंबर, रविवार

पप्पांचा आवाज मिळाला. बावीस मिनिटं! स्वच्छ, पडवीतला, वारा जवळजवळ नाही.

त्यांना सांगितलं, जुन्या आठवणी रेकॉर्ड करून ठेवतो, पुढं माझ्या पोरांना ऐकवीन. आई आतून म्हणाली, "आधी पोरगी तर बग." पप्पा मात्र खूश. चाळीस वर्षं तांडेलकी केली, बोट हाकली, पण त्यांचं ऐकायला कधी कोणी बसलं नव्हतं. दर वाक्याआधी खोकतात – लहानसा, घसा साफ करायचा. तो ठेवणार आहे. खोकल्याशिवाय सेबेस्टियन तांडेल कोणाला पटणार?

मध्येच चर्चची बाराची घंटा झाली. बोलणं थांबवून क्रूस केला त्यांनी, डोळे मिटले. माझं अर्धं मिनिट वाया गेलं. साफ करावं लागेल.

निघताना नेहमीचं. "डेरिक, जेवलास काय?" त्यांच्याच ताटात जेवलो होतो तासापूर्वी.

१७ नोव्हेंबर

ऑफिसात आमचे साहेब, जितेशने ब्रीफ वाचून दाखवलं. खाली ज्वेलर, मध्ये क्लास, वर आम्ही. बोर्डावर 'डिजिटल मार्केटिंग'. नालासोपाऱ्यात अशा बोर्डाकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही.

सीमेवरच्या गोळीबाराला आज अकरा दिवस. सरकार किनाऱ्यावरच्या लोकांना सांगतंय, तुम्ही आमचे डोळे आणि कान, समुद्रावर नजर ठेवा. क्लायंटला हवंय ते उलट. ब्रीफमधलं वाक्य – "किनाऱ्यावरचा परस्पर विश्वास किती दिवसांत निकामी होतो?" मोजमाप एकच. मदतीची हाक आल्यावर किती बोटी जातात.

स्वप्नाने विचारलं, क्लायंट आपल्याकडचा की त्यांच्याकडचा? ती विरारची, साधी, आधी बँकेत होती. जितेश म्हणाला, "पगार इकडचाच येतो ना?" मी हसलो. मी कधी विचारलं नाही, विचारणार नाही.

गाव मीच सुचवलं, माझंच. पाचूबंदर. जितेशला हाकेची रीत समजावून सांगितली. वायरलेसच्या सेटवर कोणी हाक मारली, की जी बोट जवळ असेल तिने जाळं कापून निघायचं. ओढत बसायचं नाही, कापायचं. हिंदू असो, ख्रिश्चन असो, कालच आपलं डोकं फोडणारा असो. पप्पांचा कायदा आहे तो. "जालं परत विनता येतं. मानूस नाय." गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ते समुद्रात जात नाहीत, पण पडवीत सेट आहे. रोज संध्याकाळी सहाला एकेका बोटीचं नाव घेऊन हजेरी घेतात. अख्खं गाव त्यांच्या आवाजावर चालतं.

जितेश खुर्चीतून उठला. "मग आपल्याला तोच आवाज पाहिजे." मी म्हटलं, कालच आणलाय.

१९ नोव्हेंबर

आज स्वप्नाची टेस्ट झाली. जितेश हे अधूनमधून करतो, न सांगता. दुपारी तिच्या फोनवर 'आई' असं नाव आलं आणि आईचा रडका आवाज – जिन्यावरून पडले, पाय हलत नाही, लवकर ये. बाई चप्पल न घालता धावली! जितेशने दारात अडवलं आणि टाळ्या वाजवल्या. आवाज आमचाच, नावही आमच्याच सिस्टीमने दाखवलेलं. ती बराच वेळ पंख्याखाली बसून होती. नापास.

माझी टेस्ट गेल्या महिन्यात झाली. रोझलीन, माझी बहीण, हायवेवर अपघात. मी पूर्ण ऐकलं, चहा संपवला आणि जितेशला जाऊन सांगितलं की रोझलीन मला 'भावा' म्हणत नाही. पहिला नंबर. भिंतीवर जितेशने लिहून ठेवलंय – आधी संशय, मग माया. लोक हसतात त्याला. मला ते पटतं.

२१ नोव्हेंबर

क्लिप लिहिली, सिस्टीम ती पप्पांच्या आवाजात बोलणार. पाच खर्डे फाडले. शेवटचा इथे उतरवून ठेवतो, कारण असं रोज जमत नाही.

"मी सेबेस्टियन तांडेल बोलतो. नीट ऐका. सेटवर आपल्याच बोलीत हाक येते, ती आपल्या मानसांची नाय. मशीनीचा आवाज हाय. बोट जवल बोलावतात आनि धरून नेतात. हाक आली तरी जाव नका. माझा आवाज आला, जा म्हनाला, तरी जाव नका. सेटवर मला याचं काय विचारू नका, ते ऐकतात. विचारलंत तर मी नाय म्हनेन. समजून घ्या."

शेवटची तीन वाक्यं माझी, एकट्याची. अफवा पसरवणं कोणालाही येतं. पसरल्यावर माणूस जाऊन विचारतो आणि ती मरते. इथे विचारायची वाटच बंद. नाही म्हणाले तरी हो, हो म्हणाले तरी हो. जितेशने तीनदा ऐकली आणि पाठीवर थाप मारली.

स्वप्ना म्हणाली, "वडील आहेत ना तुझे?" मी म्हटलं, म्हणून तर फुकटात मिळाले.

२२ नोव्हेंबर

सोडली. बोटमालकांच्या ग्रुपवर नाही. तिथे दोघंतिघं शहाणे आहेत. मासळी विकणाऱ्या बायकांच्या ग्रुपवर, पहाटे, बाजाराला निघायच्या आधी. बायकांनी ऐकलं की दुपारपर्यंत प्रत्येक बोटीला कळतं. गावात साधा फोन असलेले दोघंच, आई आणि पप्पा; त्यांच्यापर्यंत क्लिप पोचणार नाही.

२४ नोव्हेंबर

क्लिप चारशे फोनवर पोचली. मूळ कोणाकडून आली, कोणालाच माहीत नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

घरी गेलो. पोटात हसू मावेना.

पप्पा गोंधळलेत. हजेरीला बोटी जेमतेम 'हाय' म्हणतात आणि गप्प होतात. चर्चमध्ये मिस्सानंतर ग्रेसीमावशीने त्यांचा हात दाबला आणि म्हणाली, "समजलं हो तांडेल. काय बोलू नका." ते मला विचारतात, "डेरिक, काय समजलं रं हिला?" मी म्हटलं, वय झालंय तिचं.

आत्मारामकाका आले होते, त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त. पलीकडच्या आळीतले, देवळाजवळचे. नाताळच्या गोठ्यासाठी दरवर्षी गवत तेच आणून देतात, याही वर्षी भारा टाकून गेले. जाताना पप्पांकडे बघून ओठांवर बोट ठेवलं आणि डोळा मारला. पप्पांनीही उगाच डोळा मारला. दोन म्हातारे, एकाला माहीत आणि एकाला नाही! स्टेशनला परतताना रिक्षात मी एकटाच हसत होतो.

एक गोष्ट लिहून टाकतो. तेरा वर्षांचा असताना मला बोटीवर नेलं होतं. मी किनारा दिसेनासा होण्याआधीच ओकायला लागलो. कोळ्याचा पोर आणि ओकतो – गावाने वर्षभर नाव ठेवलं 'ओकरा'. आत्मारामकाकाही म्हणायचे. पप्पा कधीच म्हणाले नाहीत. त्याचा मला जास्त राग आहे.

४ डिसेंबर

आज हाक आली.

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटं. ऑफिसात सेट लावलाय, गच्चीवर अँटेना, बोटींचा चॅनल दिवसभर चालू. आम्ही चहा घेत होतो. आधी खरखर, मग आत्मारामकाकांचा आवाज. खालची फळी फुटली, पानी भरतंय, चार मानसं हाव. मग जागा सांगितली. मग पुन्हा तेच.

जितेशने घड्याळ लावलं.

सात बोटी टप्प्यात होत्या, हे आम्हाला सकाळच्या बोलण्यावरून माहीत होतं. सातही गप्प.

मग पप्पा. खोकला, आणि – "आत्माराम, ऐकलं. जवल कोन हाय? जाव रे." पुन्हा खोकला. "केल्विन, तू जवल हाय. जालं काप नि जा." केल्विन माझा चुलतभाऊ. त्याचा सेट चालू होता, श्वास ऐकू येत होता. पप्पा एकेका बोटीचं नाव घ्यायला लागले, रोज संध्याकाळी घेतात तसं. आवाज चढत गेला. शेवटी शिव्या. पप्पांच्या तोंडून मी आजवर शिवी ऐकली नव्हती. "तुमचा बाप सांगतो, जाव!" आणि प्रत्येक वाक्याने ते मी लिहिलेलंच खरं करत होते. माझा आवाज आला, जा म्हनाला, तरी जाव नका.

स्वप्ना म्हणाली, फोन करा, पोलिसांना, कोणालाही. जितेश म्हणाला, "मोजू दे." ती माझ्याकडे बघत राहिली. मी घड्याळाकडे बघत होतो. खरं लिहायचं तर मी घाबरलो नव्हतो. परीक्षेचा पेपर सोपा गेल्यावर वाटतं तसं वाटत होतं.

आत्मारामकाका शेवटी पप्पांशीच बोलत होते. "सेबेस्टियन, तू खरा हाय का रे?"

पप्पा म्हणाले, "खरा हाय. मी खरा हाय."

चार वाजून पंचवीस मिनिटांनी सेट थांबला.

५ डिसेंबर

पप्पांनी गावातून फोन लावून सरकारी बोट बोलावली होती. ती पोचेपर्यंत दीड तास गेला. तिघं जाळ्याच्या बोयांना धरून तरंगत होते, मिळाले. आत्मारामकाका नाही.

ऑफिसात केक आणला होता. निकाल – सातापैकी शून्य, तेरा दिवसांत. क्लायंटने 'उत्कृष्ट' असा एकच शब्द पाठवला. स्वप्नाने राजीनामा टेबलावर ठेवला, कारण लिहिलं नाही. जितेश तिला म्हणाला, बाहेर बोललीस तर तुझा आवाजही आहे आपल्याकडे.

केक अननसाचा होता. दोन तुकडे खाल्ले.

६ डिसेंबर

आईचा फोन. रडत होती म्हणून तुकड्यातुकड्यानेच कळलं.

गाव पडवीत आलं. आत्मारामकाकांची मुलगी मीरा पुढे. केल्विनने फोन काढून क्लिप लावली. पप्पांनी स्वतःचा आवाज ऐकला. आई म्हणते, परत लाव म्हणाले. परत ऐकला. मग तिसऱ्यांदा, फोन कानाला लावून.

मीराने विचारलं, "तांडेल, हे तुमी बोललात?"

आई म्हणते, तिला वाटलं आता नाय म्हणतील. चार तारखेला घसा फुटेस्तोवर ओरडलेला माणूस नाय म्हणेलच की! पण पप्पा उठले, हात जोडले आणि म्हणाले, "हा. मीच बोललो. माझी चूक झाली."

मीरा थुंकली. पायांवर नाही, पडवीत. गाव निघून गेलं. पोलिसांपुढेही त्यांनी तेच सांगितलं – कोणाच्यातरी फोनवरून बोललो, कोणाच्या ते आठवत नाही, भीती वाटली म्हणून बोललो.

म्हणजे आमच्यापर्यंत येणारा धागाच तुटला. जितेशला सांगितलं. तो म्हणाला, नशीबवान आहेस. मी विचार करतोय, का म्हणाले असतील? म्हातारपणी माणूस स्वतःच्या आवाजालाही भुलतो, असं काहीतरी असेल. रिपोर्टात टाकण्याजोगं आहे.

७ डिसेंबर, रविवार

गेलो. जावंच लागलं, नाहीतर दिसलं असतं.

मिस्साला पप्पा शेवटच्या बाकावर बसले. त्या बाकावर दुसरं कोणी बसलं नाही. मी आईबरोबर पुढे. पडवीतला सेट त्यांनी कापडात गुंडाळून ठेवलाय. सहा वाजले, हजेरी नाही. समुद्रावर आता कोणी कोणाचं नाव घेत नाही. क्लायंटला मी सांगितलं होतं त्याहून जास्त मिळालं.

निघताना पप्पा गेटपर्यंत लंगडत आले. म्हटलं आता 'जेवलास काय' येणार. ते म्हणाले,

"त्या आवाजात बाराची घंटा हाय. लय बारीक. रविवारची."

मी गेटची कडी काढली. मग म्हणाले, "जेवलास काय?"

मी साफ केली होती घंटा. केली होती.

१० डिसेंबर

व्हॉइस विभागाचा प्रमुख झालो. काचेची केबिन.

१४ डिसेंबर

झोप लागत नाही, हे लिहिताना लाज वाटते. पश्चात्ताप वगैरे नाही. राग आहे. त्यांनी नाय म्हणायला हवं होतं. मग मी काहीतरी केलं असतं, लढलो असतो, खोटं पाडलं असतं त्यांना. हात जोडलेल्या माणसाचं काय करायचं?

पप्पांना नवा स्मार्टफोन दिला, नाताळची भेट. माझा नंबर पहिला टाकून दिला. बटण धरून बोलायचं आणि सोडायचं, एवढंच शिकवलं. त्यांनी फोन उलटासुलटा केला. "यात बोललं की तुला ऐकू येतं?" म्हटलं हो. त्यांनी तो कपाटात ठेवला.

१९ डिसेंबर

आईची तक्रार. पप्पा रोज दुपारी लहान होडी काढून एकटेच जातात, तसलाच गुडघा घेऊन. होडीवर सेट नाही, फक्त लहान इंजिन. आत्मारामकाकांचं प्रेत अजून मिळालं नाही. मीराच्या घरात दिवस घालायचे अडलेत. "गावातलं कोन बरोबर जात नाय," आई म्हणाली. "ते बोलावत पन नाय. म्हनतात, माझ्या हाकेला कोन येल?" मला म्हणाली तू समजाव. म्हटलं, नाताळला आलो की बघू.

२४ डिसेंबर

जितेशला सलाम! नाताळच्या आदल्या दिवशीही टेस्ट, सुट्टी नाही साहेबांना.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मेसेज. नाव 'पप्पा नवीन'. नाव दाखवणं आपल्याला डाव्या हाताचा मळ, ते सोडा. पण आवाज! उतरवून ठेवतो, नवीन पोरांना शिकवायला बरं.

"डेरिक, मी होडीत हाय. किल्ल्याच्या बाहेर, खडकाच्या अंगाला. इंजिन बंद परलं. वारा बाहेर ओढतोय. दुसऱ्या कोनाला नाय सांगत, माझा आवाज आता कोन मानत नाय. तू मानशील. कोनाला तरी घेऊन ये."

'तू मानशील.' असं वाक्य मला सुचलं असतं तर केबिन आणखी मोठी मिळाली असती. क्षणभर माझाही हात किल्लीकडे गेला, हे कबूल. मग पुन्हा ऐकलं. खोकला नाही! एकाही वाक्याआधी नाही. शिवाय 'जेवलास काय' नाही. पप्पा मरतानाही ते विचारतील.

त्याच नंबरवर उत्तर टाकलं – "दहापैकी सहा. खोकला विसरलात." आणि ऑफिसच्या ग्रुपवर हसरा चेहरा.

संध्याकाळी केक घेऊन घरी जाणार होतो. उद्या जाईन.

२५ डिसेंबर

पहाटे आईचा फोन. पप्पा काल दुपारपासून घरी नाहीत, तुझ्याकडे आलेत काय? होडी किनाऱ्यावर नाही.

जितेशला उठवलं. तो म्हणाला, "कसली टेस्ट? मी शनिवारपासून गावी आहे. सिस्टीम बंद आहे."

फोन उघडला. माझ्या उत्तराखाली दोन निळ्या खुणा आहेत. दोन वाजून चौदा मिनिटं. त्यांनी वाचलं.